मान, डोकं आणि पर्समधली गोळी



सकाळी उमरोळी स्टेशनवर गाडीची वाट बघत उभ्या असाल, तेव्हा जरा आजूबाजूला बघा. कुणी बोईसरला कंपनीत निघालेली असते, कुणी पालघरला बाजाराला, कुणी कचेरीत. एकजण मान डावीकडे-उजवीकडे वळवून मोकळी करत असते. दुसरी अंगठ्याने कपाळाच्या कडा दाबत असते. तिसरी पर्स उघडते, गोळ्यांची पट्टी काढते, बाटलीतल्या घोटभर पाण्याबरोबर एक गोळी घेते आणि पट्टी शेजारणीपुढे धरते, "हवी का गं तुला?" शेंगदाणे वाटावेत तशी गोळी वाटली जाते.

आज आम्ही बोलणार आहोत ते या गोळीबद्दल, आणि जिच्यासाठी ती घेतली जाते त्या मानेच्या आणि डोक्याच्या दुखण्याबद्दल. एखाद्या दिवशी दुखून थांबणाऱ्या नव्हे, महिनोन्‌महिने पाठ न सोडणाऱ्या दुखण्याबद्दल.

आम्ही म्हणजे उमरोळीतल्या आणि आसपासच्या काहीजणी. कुणी शिवणकाम करते, कुणी तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाते, कुणाची भातशेती आहे, एक आशाताई आहे. आमच्यात डॉक्टर कुणी नाही. पण एका मैत्रिणीच्या दुखण्यापायी आम्हाला या विषयात शिरावं लागलं. डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना खोदून खोदून विचारावं लागलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आमची ही मैत्रीण घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईत रात्री अकरा-बारापर्यंत तिची मशीन चालू असते. दोन वर्षांपासून तिची मान आखडायची. मानेच्या मागून कळ निघायची आणि डोक्यावरून कपाळापर्यंत यायची. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग जवळजवळ रोज. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. "मणक्याची झीज आहे" एवढं सांगून तिला गळ्याला बांधायचा पट्टा दिला. मणका झिजला म्हणजे संपलंच, अशी तिची समजूत झाली आणि तिने मशीन विकायला काढली. त्याच मशीनवर तिच्या मुलीची कॉलेजची फी निघत होती. आम्ही तिला म्हटलं, "विकायची तर विक, पण आधी एक महिना वही ठेव." त्या वहीत काय सापडलं ते पुढे सांगतोच. आधी मान आणि डोकं यांचं नातं समजून घेऊ.

आपल्या मानेत सात मणके असतात. त्यांच्यावर डोकं असतं, साधारण चार ते पाच किलो वजनाचं. हे वजन दिवसभर तोलून धरतात ते मानेचे आणि खांद्याचे स्नायू. आता मानेत दुखलं तर कपाळ का ठणकतं? मानेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्या-कपाळाची नस, या दोन्ही मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन ओहोळ एकत्र आले की पुढचं पाणी कुठल्या शेतातून आलं ते सांगता येत नाही, तसं मेंदूचं होतं. दुखणं मानेत असतं आणि आपल्याला ते डोळ्यामागे, कपाळात जाणवतं. म्हणून आपण कपाळाला बाम चोळत बसतो आणि मानेकडे कुणी बघतच नाही.

मान वाकवली की तिच्यावरचा भार किती वाढतो, याचं गणित न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या मणक्याच्या शल्यविशारदाने २०१४ साली मांडलं. डोकं सरळ असताना जो भार पाच किलोच्या आसपास असतो, तो मान ३० अंश वाकवल्यावर सुमारे १८ किलो आणि ६० अंश वाकवल्यावर सुमारे २७ किलो होतो. मोबाईल मांडीवर ठेवून बघताना आपली मान साधारण एवढीच वाकलेली असते. हे कागदावरचं गणित आहे, आणि वाकलं म्हणून लगेच काही मोडत नाही. मान वाकण्यासाठीच केलेली आहे. त्रास होतो तो तासन्‌तास एकाच जागी, एकाच कोनात राहिल्याने. पाण्याने भरलेली कळशी मिनिटभर हातात धरणं अवघड नाही. तीच तासभर तशीच धरून ठेवा, मग बघा.

आणि आपल्या भागातल्या बायकांची कामं कशी आहेत ते आठवा. शिवणाऱ्या बाईची मान सुईवर. कंपनीत पॅकिंग किंवा चेकिंग करणारीची टेबलावर, आठ-आठ तास. चिंचणी-वरोरकडे घरोघरी दागिन्यांच्या डायचं काम चालतं, तिथे बारीक नक्षीवर नजर खिळलेली. लावणीत दिवसभर कंबरेतून वाकून पुन्हा मान वर उचलायची. सातपाटीकडच्या कोळीण मावशीच्या डोक्यावर मासळीची पाटी, पाड्यावरच्या ताईच्या डोक्यावर पाण्याचे हंडे नाहीतर लाकडाची मोळी. घरी आलं की विळी, चूल, केरसुणी, सगळं खाली बघूनच. आणि रात्री आडवं पडलं की उरलेली कसर मोबाईल भरून काढतो. दुखलं नाही तरच नवल.

पण मैत्रिणींनो, सगळी डोकेदुखी मानेतून येत नाही. आम्हाला कळलं ते असं.

सगळ्यात जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजूंनी, मान-खांदे ताठरलेले असतात. ही तीव्र नसते, पण चिवट असते. जागरण, काळजी, सतत दात आवळून राहणं, यांनी वाढते.

दुसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. बहुतेकदा एका बाजूला ठणका, मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज सोसवत नाही, हालचाल केली की वाढते. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहते. पुरुषांपेक्षा बायकांना सुमारे तिप्पट प्रमाणात होते आणि अनेकींना पाळीच्या आसपास येते. उपास, जागरण, ऊन, उग्र वास, ही तिची नेहमीची निमित्तं. अर्धशिशीतही मान दुखते, त्यामुळे मानेचाच दोष समजून कित्येकजणी वर्षानुवर्षं मानेवर उपचार करत राहतात. अर्धशिशीसाठी वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांकडूनच घ्यावी लागतात.

इथे एक गोष्ट जपून ऐका. डोकं दुखायच्या आधी ज्यांना डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, किंवा नजरेचा एक भाग काही वेळ जातो, त्यांनी माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशा बायकांना त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळ्या चालू असतील तर भेटून विचारा, त्यांच्यासाठी दुसरी साधनं आहेत.

तिसरी, खरोखर मानेतून येणारी डोकेदुखी. मान वळवली की वाढते, सहसा एकाच बाजूला मागून पुढे येते, आणि मान पूर्ण वळतही नाही.

याशिवाय चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं आणि आपण चष्मा न करता डोळे बारीक करून, मान पुढे काढून काम रेटत राहतो. दात, कान, नाकाच्या बाजूच्या पोकळ्या, रक्तातली कमतरता, रात्रीची अपुरी झोप, हीही कारणं असतात. रक्तदाब मात्र बहुतेकदा डोकं न दुखताच वाढतो. "डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही" असं धरून चालू नका, मोजून घ्या. आणखी एक. तुमच्या शेडमध्ये एकाच वेळी चौघी-पाचजणींचं डोकं दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर कमी होत असेल, तर दोष मानेचा नाही, तिथल्या हवेचा आहे. रसायनांच्या वाफा आणि कोंडलेला धूर यांनीही डोकं दुखतं. बंद खोलीत चूल किंवा शेगडी पेटवली तरी तसंच होतं, आणि तो धूर जिवावरही बेतू शकतो. अशा वेळी गोळी न घेता आधी बाहेर या, आणि कामाच्या ठिकाणी सगळ्यांनी मिळून तक्रार करा.

आणि ती "मणक्याची झीज"? डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की वय वाढलं की एक्स-रेमध्ये थोडी झीज बहुतेक सगळ्यांच्याच दिसते, ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांच्याही. केस पिकतात तसंच ते. एक्स-रेत झीज दिसली म्हणजे दुखणं तिच्यामुळेच आहे असं नाही, आणि ते बरं होणार नाही असं तर मुळीच नाही.

आता त्या वहीकडे येऊ. रोज झोपताना तिने पाच गोष्टी लिहायच्या होत्या. दुखलं का, केव्हा आणि कुठे. त्याआधी काय काम केलं. खाणं आणि झोप कशी झाली. पाळी होती का. आणि गोळी घेतली का, किती.

महिना संपल्यावर आम्ही सगळ्या तिच्या ओसरीवर वही उघडून बसलो. दुखण्याचे दिवस मोजले, काम मोजलं. मग आशाताई म्हणाली, "गोळ्यांचा रकाना मोज गं." महिन्यातल्या बावीस दिवसांवर गोळी होती. काही दिवशी दोन. ती स्वतःच थक्क झाली. "मी तर फारशा घेतच नाही" असं ती कालपर्यंत सांगत होती, आणि खोटं बोलत नव्हती. मोजल्याच नव्हत्या कधी.

ती वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तोच रकाना पाहिला. त्यांनी जे सांगितलं ते या सगळ्या भाषणाचं सार आहे. ज्यांना आधीपासून डोकेदुखी आहे, त्यांनी दुखणं दाबायची गोळी वारंवार घेतली, तर काही महिन्यांत ती गोळीच डोकेदुखी लावते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेल्या गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की हा धोका असतो. गोळीचा अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी, ती उतरली की पुन्हा दुखणं. रहाट फिरत राहतो. वर पोटात जळजळ आणि मूत्रपिंडावर ताण पडतो तो वेगळाच.

तिच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाल्या. पहिला आठवडा वाईट गेला. दुखणं वाढलं, मळमळलं, झोप उडाली. तसं होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून ती टिकली, आणि आमच्यातली एकजण रोज तिच्याकडे जाऊन स्वयंपाकाला हात लावत होती म्हणूनही. तिसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा सलग चार कोरे दिवस आले. मैत्रिणींनो, तुम्हीही रोज गोळ्या घेत असाल तर ऐकून लगेच सगळं बंद करू नका. काही औषधं हळूहळू सोडावी लागतात. डॉक्टरांना खरा आकडा सांगा, लाजू नका. आणि बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही, त्या चालूच ठेवायच्या.

गोळी गेली, पण मूळ कारणं राहिली होती. ती वहीने दाखवली. तिचं स्टूल बुटकं होतं, म्हणून खांदे वर उचलून शिवावं लागायचं. दिवा मागे होता, त्यामुळे सुईवर सावली पडायची. आणि सुईत दोरा ओवायला ती मुलीला हाक मारायची, म्हणजे चष्म्याची वेळ होऊन गेली होती. स्टूल बदललं, दिवा मशीनच्या डाव्या बाजूला आला, चाळिशीचा चष्मा झाला. खर्च म्हणाल तर दोन वर्षांच्या गोळ्यांपेक्षा कमी.

तुम्हालाही करता येईल अशा गोष्टी आता सांगतो.

दर अर्ध्या तासाने उठा. उठता येत नसेल तर निदान मान वर करून लांब बघा, खांदे कानापर्यंत उचलून सोडा, पाच वेळा. एक फिरकी भरली की किंवा पॅकिंगचा एक खोका झाला की, अशी खूण ठरवा. घड्याळाकडे लक्ष राहत नाही, खुणेकडे राहतं.

हा एक व्यायाम आत्ताच, रेडिओ ऐकता ऐकता करा. भिंतीला पाठ टेकून बसा. समोर बघत हनुवटी सरळ मागे घ्या, खाली वाकवू नका. मानेमागे हलका ताण जाणवेल. पाच मोजा आणि सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दुसरा व्यायाम, तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला हलकेच ढकला, हाताने अडवा, डोकं हलू द्यायचं नाही. पाच मोजा. असंच मागे आणि दोन्ही बाजूंना. कळ हातात उतरली, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर थांबा आणि दाखवा. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नका. रोजचं अर्धा तास चालणंही यात मोठी मदत करतं.

आखडलेल्या मानेला शेक चांगला. तव्यावर गरम केलेल्या जाड मिठाची पुरचुंडी फडक्यात बांधून दहा-पंधरा मिनिटं शेका, हाताला सोसेल इतकीच गरम. बाम लावल्याने बरं वाटतं, जरूर लावा, पण कारण त्याने जात नाही. उशी अशी हवी की कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्याच्या रेषेत राहील. दोन उशा रचून मान मोडून झोपू नका. गळ्याचा पट्टा डॉक्टरांनी सांगितलाय तेवढेच दिवस. महिनोन्‌महिने घातला तर स्नायू आळसावतात.

मान कडाडकन मोडून घेऊ नका, ना केस कापणाऱ्याकडे, ना हाडवैद्याकडे. झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघातापर्यंत जातं.

उपास करणाऱ्यांनी अर्धशिशी असेल तर निर्जळी करू नये. थोडं थोडं फळ, दूध, पाणी घेत राहावं. देव रागावत नाही. रोज चार कप चहा घेणारीने उपासाला तो एकदम सोडला तरी डोकं चढतं, हेही लक्षात ठेवा. डोक्यावरचं ओझं एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपांत न्या. आणि घरातली इतर माणसं हंडा उचलू शकतात, हे त्यांना सांगा. हाही उपचारच आहे.

मनावरचा ताण मानेत उतरतो. दुखण्यामागे घरातली भांडणं, कर्ज, मारहाण असेल तर ते दुखणं खोटं नसतं. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

आता ज्याला थांबायचं नाही ते. अचानक, वीज पडावी तसं, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं. तापाबरोबर मान ताठ झाली. तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, दिसेनासं झालं, फेफरं आलं. डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढतंय किंवा उलट्या होताहेत. गरोदर बाईचं पाचव्या महिन्यानंतर किंवा नुकत्याच बाळंत झालेलीचं डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडा-हातावर सूज आहे. अशा वेळी शेक नाही, गोळी नाही, १०८ ला फोन करा. हातातल्या वस्तू निसटणं, बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, हे मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, चावताना जबडा दुखवणारी, कानशिलाला हात लावू न देणारी डोकेदुखी असेल तर दोन-चार दिवसही घालवू नका. वेळेवर औषध मिळालं नाही तर नजर जाऊ शकते.

एरवी आधी आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीचं बीपी तिथे मोजून मिळतं. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर त्याचं कार्ड वापरा, तुमच्या पगारातूनच ते पैसे जातात. आणि जाताना वही न्या. डॉक्टरांना आपल्यासाठी पाच मिनिटं असतात. "सारखं डोकं दुखतं" एवढंच सांगितलं तर पाच मिनिटांत गोळीच मिळेल. वही दाखवली तर कारण सापडण्याची शक्यता वाढते.

आमच्या मैत्रिणीचं दुखणं पार गेलं का? नाही. लग्नसराईत अजूनही महिन्यातले तीन-चार दिवस वाईट जातात. पण मशीन विकली नाही. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. आणि रात्री दहानंतर ब्लाउज शिवून मिळणार नाही, अशी पाटी तिने स्वतःच्या हाताने लिहून दाराला लावली आहे. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती. अजून तरी कुणी तुटलं नाही.

तेव्हा आज रात्री एक जुनी वही काढा. पहिल्या पानावर तारीख घाला. आणि उद्या स्टेशनवर शेजारणीने पट्टी पुढे धरली, तर तिला विचारा, "या महिन्यातली ही कितवी गं?"